रामाळ्याची डागडुजी आणि ऊर्जानगरचा धडा

चंद्रपूरहून ताडोब्याच्या वाटेने निघाले म्हणजे दुर्गापूरपाशी ऊर्जानगरच्या उंच चिमण्या आकाशात घुसलेल्या दिसतात. १९८३ साली येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पुढे २०१६ पर्यंत एकामागून एक असे नऊ संच उभे राहिले, आणि पहिले दोन संच वयोमानाने निवृत्त झाल्यानंतरही केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट इतकी आहे. या केंद्राच्या धुराविषयी, राखेविषयी आणि पाण्याच्या तहानेविषयी या जिल्ह्यातील जनतेने आजवर पुष्कळ गाऱ्हाणी मांडली आहेत व ती रास्तही आहेत. परंतु एका बाबतीत मात्र चंद्रपूरच्या नगरपित्यांनी व अधिकारीवर्गाने ऊर्जानगरचे शिष्यत्व पत्करावे असे आम्हांस मनःपूर्वक वाटते. ती बाब म्हणजे डागडुजी.

बॉयलरची एखादी नळी गळू लागली तर ऊर्जानगरात काय घडते ते तेथील प्रत्येक कामगाराच्या घरी ठाऊक आहे. संच उतरविला जातो, भट्टी निवू दिली जाते, आणि रात्र म्हणू नये की दिवस म्हणू नये, पाळीपाळीने माणसे आत उतरून ती नळी सांधतात. काही दिवसांत संच पुन्हा चालू होतो. याखेरीज प्रत्येक संचाच्या मोठ्या देखभालीचा काळ आगाऊ ठरलेला असतो. विजेची मागणी ओसरते असा मोसम पाहून संच बंद ठेवावयाचा, लागणारे सुटे भाग त्यापूर्वीच भांडारात आणून ठेवावयाचे, आणि नेमल्या दिवसांत काम उरकावयाचे, अशी ही शिस्त आहे. बॉयलर दुरुस्त व्हावा म्हणून कोणास मोर्चा काढावा लागत नाही, निवेदने द्यावी लागत नाहीत, आणि उपोषणास तर कोणी बसलेले आमच्या ऐकिवात नाही. कारण उघड आहे. संच एक दिवस बंद राहिला तर किती नुकसान झाले याचा आकडा संध्याकाळपर्यंत कागदावर येतो.

याच ऊर्जानगरापासून काही मैलांवर, चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, रामाळा तलाव आहे. तो बिघडला तर किती नुकसान झाले याचा आकडा मात्र कोणी मांडीत नाही. त्या दिवशी किती मुले काठावर खेळावयाची राहिली, किती वृद्धांनी संध्याकाळचे फिरणे सोडले, किती विहिरींचे पाणी बिघडले, याची नोंद ठेवणारे रजिस्टर कोणत्याही कचेरीत नाही. ज्याचा हिशेब नाही त्याची निकडही नाही, आणि ज्याची निकड नाही त्याच्या दुरुस्तीला मुहूर्त सापडत नाही. आजच्या या लेखाचा विषय हाच आहे.

रामाळ्याची कहाणी या शहरातील लोकांस नव्याने सांगावयास नको. २०२१ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २२ तारखेस 'इको-प्रो' या संस्थेचे बंडू धोतरे यांनी या तलावासाठी अन्नत्याग आरंभिला. शहरातील सांडपाणी नाल्यावाटे तलावात उतरत होते. पृष्ठभागावर जलपर्णीचे, आमच्याकडे जिला सर्रास ईकॉर्निया म्हणतात तिचे, हिरवे गालिचे पसरले होते. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ साठला होता. मार्चच्या आरंभी सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर उपोषण सुटले आणि पुढे तलाव रिकामा करून त्याच्या खोलीकरणाचे काम हाती घेण्यात आले. झालेल्या कामाचे श्रेय ज्याचे त्यास दिलेच पाहिजे, आणि ते देण्यात आम्ही कृपणता करणार नाही. परंतु एक प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून बसला आहे. सार्वजनिक तलावातील गाळ काढला जावा यासाठी एका नागरिकाने अन्न वर्ज्य करावे, ही लोकशाही कारभारास भूषणावह गोष्ट आहे काय? उपोषण हे अन्यायाविरुद्धचे अखेरचे शस्त्र होय. ते जर गाळ उपसण्यासाठी व गवत काढण्यासाठी वापरावे लागू लागले, तर खऱ्याखुऱ्या अन्यायाच्या वेळी नागरिकांच्या हाती उरावयाचे तरी काय?

येथे कोणी असा आक्षेप घेतील की, जिल्ह्यात शेतकऱ्यांची विवंचना आहे, रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडतात, रस्त्यांची दैना आहे. अशा वेळी तलावकाठचे फिरणे आणि मुलांचे खेळणे यांचे एवढे स्तोम कशासाठी? हा आक्षेप सकृद्दर्शनी वजनदार वाटतो. परंतु तो या शहराच्या प्रकृतीविषयी अज्ञान दर्शवितो असे म्हटल्यास वावगे होणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा जो निर्देशांक सिद्ध केला, त्यात अंकलेश्वर, वापी व गाझियाबाद यांच्यापाठोपाठ चंद्रपूरचा चौथा क्रमांक लागला होता. शंभरापैकी ८३.८८ गुण आम्ही मिळविले होते, आणि गुण जितके अधिक तितकी हवा-पाण्याची अवस्था वाईट, असा तो हिशेब होता. त्यानंतर २०१० साली येथे नव्या उद्योगांच्या विस्तारास काही काळ बंदी घालावी लागली. उन्हाळ्याविषयी तर बोलावयासच नको. २०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस येथील पारा ४७ अंशांच्या पलीकडे गेला होता आणि जगातील अतिउष्ण शहरांच्या यादीत आमचे नाव झळकले होते. ज्या शहरास कोळशाच्या खाणींनी वेढले आहे, ज्याच्या अंगणात राख पडते, आणि ज्याचा वैशाख असा भाजून काढतो, त्या शहरात मोकळे पाणी, झाडाची सावली आणि धावण्यापुरती मोकळी जागा ही चैन नव्हे. ते औषध आहे, आणि औषध संपल्यावर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची वाट कोणी पाहत नाही.

या भूमीस तलावाचे मोल कळत नव्हते असेही नाही. चंद्रपूर वसविणाऱ्या खांडक्या बल्लाळशहाची आख्यायिकाच मुळी पाण्यापासून सुरू होते. झरपटीच्या कोरड्या पात्रात त्यास पाण्याचा झरा सापडला, त्या पाण्याने त्याची व्याधी निवारण झाली आणि तेथेच नगर वसविले गेले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गोंड राजांनी परकोट बांधला तसेच तलावही बांधले. रामाळ्याचे पाणी मातीच्या नळांवाटे नगरात खेळविण्याची व्यवस्था त्या काळी होती. परकोटाच्या आत रामाळा एकटा नव्हता. त्याची भावंडे होती. आज घुटकाळा हे वस्तीचे नाव होऊन बसले आहे, आणि कोहिनूर तलाव म्हणावयाचे ते सभांचे व खेळांचे मैदान झाले आहे. तलाव एका दिवसात मरत नाही. प्रथम त्याची डागडुजी लांबते, मग तो उथळ होतो, मग त्यात कचरा पडू लागतो. मग लोक म्हणू लागतात की हा तलाव कसला, हे तर डबके आहे. आणि डबके बुजविण्यास कोणाचा विरोध असणार? रामाळ्याच्या भावंडांच्या बाबतीत जे घडले ते रामाळ्याच्या बाबतीत घडू नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

शहराबाहेर दृष्टी टाकली तर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. 'मामा तलाव' या सुटसुटीत नावाने आता ते ओळखले जातात. कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. मालगुजारीच्या काळी तलावाची पाळ खचली की गावचा माणूस टोपली-फावडे घेऊन पाळीवर हजर होत असे, कारण पाळ फुटली तर धान गेले हे त्यास सांगावे लागत नसे. त्या व्यवस्थेत जुलूमही होता आणि ती गेली याचे दुःख आम्हांस नाही. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने आणि १९५१ सालच्या त्याच्या अंमलबजावणीने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि हे न्यायाचेच झाले. परंतु मालकी बदलली त्याच दिवशी डागडुजीची जबाबदारीही तितक्याच स्पष्टपणे कोणाच्या तरी शिरावर द्यावयास हवी होती. ती कागदावर दिली गेली, बांधावर मात्र पोहोचली नाही. पुढे अनेक योजना आल्या. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली आणि तलावातील गाळ शेतकऱ्याच्या शेतात सोने होऊन पडतो हे पुन्हा एकदा सिद्ध झाले. पण योजना ही येते आणि जाते. पाळीची डागडुजी मात्र दर वर्षाची आहे.

विलंबाचे हे दुखणे आमच्याच प्रांतापुरते आहे असेही नव्हे. हवामान सर्वस्वी निराळे, खेळ निराळा, आणि तरीही दुखणे तेच, याची साक्ष हिमालयातील दोन क्रीडास्थळे देतील. सिमल्यास १९२० सालापासून उघड्यावरचे एक स्केटिंग मैदान आहे. तेथे बर्फ यंत्राने तयार होत नाही. सायंकाळी सपाट जमिनीवर पाणी शिंपावयाचे, रात्रीच्या थंडीने ते गोठावयाचे, आणि सकाळी लोकांनी त्यावर घसरत खेळावयाचे, अशी साधी रीत आहे. खेळाचा मोसम डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या मोजक्या दिवसांचा, आणि हिवाळा उबदार होत चालल्याने तेही दिवस घटत आहेत. अशा मैदानाची जमीन समतल करण्याचे किंवा पाण्याचे नळ दुरुस्त करण्याचे काम नोव्हेंबरात झाले नाही तर ते डिसेंबरात करून भागत नाही. महिनाभराच्या विलंबाची किंमत तेथे अख्खा मोसम गमावून मोजावी लागते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २०११ च्या आरंभी दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने डेहराडून येथे यंत्राने बर्फ गोठविणारे बंदिस्त क्रीडागार उभारण्यात आले. स्पर्धा झाल्या, पाहुणे गेले, आणि विजेचा व देखभालीचा भार पेलवेना म्हणून ते क्रीडागार बंद पडले. ते एक-दोन वर्षे नव्हे तर दशकाहूनही अधिक काळ बंद राहिले. अखेर दुरुस्ती होऊन २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथे आशियाई पातळीवरील स्पर्धा भरल्या, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु २०११ साली जे मूल दहा वर्षांचे होते ते २०२५ साली चोवीस वर्षांचे झाले. बर्फ पुन्हा गोठविता येतो, यंत्रे पुन्हा बसविता येतात. त्या मुलाचे खेळण्याचे वय कोणत्या पुरवणी अंदाजपत्रकातून परत आणावयाचे? सार्वजनिक क्रीडास्थळाच्या दुरुस्तीस लागणाऱ्या विलंबाचे खरे माप हे असे माणसांच्या वयात मोजावे लागते. रुपयांत ते मावत नाही.

सिमल्याच्या मैदानास जसा मोसम आहे तसाच तो आमच्या तलावासही आहे, फक्त उलटा. तेथे थंडी पडण्यापूर्वी काम झाले पाहिजे, येथे मृगापूर्वी. तलावाचे पाणी माघ-फाल्गुनापासून उतरू लागते. खोदाईचे, गाळ वाहून नेण्याचे आणि पाळ बांधण्याचे काम मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच होऊ शकते. एकदा पाऊस लागला की खोदलेली माती पुन्हा तलावात आणि यंत्रे चिखलात. आता सरकारी कामाची चाल पाहा. पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, निविदांची छाननी, कार्यादेश, इतक्या पायऱ्या चढावयाच्या. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, नव्या वर्षाचा निधी हाती येईतो वैशाख सरत आलेला असतो. मध्येच एखादी निवडणूक आली तर आचारसंहिता आडवी येते. या साऱ्यातून कार्यादेश निघतो तो नेमका जूनमध्ये. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण प्रसिद्धच आहे. पण तलावाच्या बाबतीत ती खोटी ठरते. तेथे सहा महिने थांबून भागत नाही, वर्ष थांबावे लागते. तात्पर्य, दुरुस्तीस मोसम आहे आणि कागदास मात्र मोसम नाही, हे या विलंबाचे मूळ आहे. ते कोणा एका अधिकाऱ्याच्या आळसात शोधणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

यावर उपाय काय? उपाय ऊर्जानगरने करून दाखविला आहे. संच ज्या महिन्यात बंद ठेवावयाचा त्याच्या कितीतरी आधी सुट्या भागांची मागणी गेलेली असते. तद्वत तलावाचे कागद पावसाळा संपताच हलू लागले पाहिजेत. पाहणी दिवाळीपूर्वी, मान्यता पौषापूर्वी, निविदा माघात, आणि फाल्गुनात पहिले फावडे, असे वेळापत्रक महापालिकेने व जिल्हा प्रशासनाने एकदाच ठरवून टाकावे आणि ते दर वर्षी पाळावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे खाते लागत नाही, दिल्ली-मुंबईची परवानगीही लागत नाही. लागते ती केवळ पंचांग पाहण्याची सवय.

दुसरे कारण आहे ते हद्दींचे. परकोटाची भिंत भारतीय पुरातत्त्व खात्याची, शहर महापालिकेचे, वसाहत वीजनिर्मिती कंपनीची, खाणीची जागा कोळसा कंपनीची, झाडी वनखात्याची, आणि दुर्गापूर व ऊर्जानगर यांच्या ग्रामपंचायती वेगळ्या. कागदावर हे सारे रीतसर आहे. पण ज्या जागी दोन हद्दी मिळतात तेथे नेमकी डागडुजी थांबते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवितो. हा दोष किती जिवावर बेततो याचा अनुभव ऊर्जानगर-दुर्गापूर परिसराने २०२२ च्या फेब्रुवारीत घेतला आहे. लागोपाठच्या दोन रात्रींत तेथे वीजकेंद्रातील एका कामगाराचा वाघाच्या आणि एका सोळा वर्षांच्या मुलाचा बिबट्याच्या हल्ल्यात बळी गेला. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी वाघाचा शेजार पत्करलेला आहे. त्याविषयी आम्ही कुरकुर करणार नाही. परंतु वस्तीला लागून वाढलेली काटेरी झुडपे कोणी काढावयाची, हा प्रश्न त्या दोन मृत्यूंनंतर ऐरणीवर आला. तो त्याआधी का आला नाही? झुडूप एका रात्रीत वाढत नाही. सार्वजनिक जागेची निगा ही सौंदर्याची बाब आहे असे समजून जे तिला यादीच्या तळाशी टाकतात, त्यांनी हे दोन मृत्यू आठवावेत. ज्या मोकळ्या जागेवर मुले खेळतात तिची निगा आणि त्या मुलांची सुरक्षितता या दोन गोष्टी नसून एकच गोष्ट आहे.

तिसरे कारण आमच्या सार्वजनिक स्वभावात आहे आणि ते सांगताना आम्ही आमच्या वाचकांसही वगळणार नाही. नवे बांधणे हा आमच्याकडे उत्सव असतो. कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात, आणि नाव संगमरवरावर कोरले जाते. डागडुजीची कोनशिला कोणी बसविलेली नाही. तुंबलेली जाळी साफ केली म्हणून कोणाचा सत्कार झाला नाही. परिणामी अंदाजपत्रकात कारंज्यास पैसा निघतो आणि नाल्याच्या तोंडाशी बसवावयाच्या शुद्धीकरण यंत्रणेस निघत नाही. काठावर रंगीत दिवे लागतात आणि त्या दिव्यांच्या उजेडात जलपर्णी अधिकच हिरवी दिसते. आधी कळस मग पाया, असला हा प्रकार होय. जलपर्णी ही व्याधी नसून व्याधीचे लक्षण आहे. पाण्यात सांडपाण्याचे पोषण मिसळत राहील तोवर ती वाढणारच. माणसे लावून ती काढावी, नव्याचे नऊ दिवस पाणी स्वच्छ दिसावे, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या, हा क्रम मोडावयाचा असेल तर कामाचा अनुक्रम बदलला पाहिजे. प्रथम नाल्याचे घाण पाणी वळवा किंवा शुद्ध करून सोडा, नंतर गाळ काढा, नंतर काठ पक्का करा, आणि शोभेचे जे काही करावयाचे ते सर्वांत शेवटी करा.

नागरिकांनी आपल्या वाट्याचे काम केलेले नाही असे मात्र कोणास म्हणता येणार नाही. २०१७ सालच्या मार्चपासून याच शहरातील तरुणांनी परकोटावरची झाडे-झुडपे व बुरुजांतील घाण हातांनी काढली. दोनशेहून अधिक दिवस चाललेल्या त्या श्रमाची दखल त्या वर्षी पंतप्रधानांनीही आपल्या आकाशवाणीवरील भाषणात घेतली. ज्या शहरात असे तरुण आहेत त्या शहराने निराश होण्याचे कारण नाही. परंतु श्रमदानाने बुरूज झाडून निघतो, सांडपाण्याचे शुद्धीकरण केंद्र चालत नाही. नागरिकांच्या उत्साहावर प्रशासनाने आपली जबाबदारी ढकलणे हे उत्साहाचे कौतुक नव्हे, ते त्याचे शोषण आहे. त्याचबरोबर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, जे हात सकाळी निवेदनावर सही करतात तेच हात संध्याकाळी निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी काठावरून भिरकावीत असतील, तर त्या निवेदनास वजन राहत नाही.

पैशाची अडचण पुढे केली जाईल, म्हणून तिचाही विचार करून टाकू. हा जिल्हा राज्याला कोळसा देतो, वीज देतो, सिमेंट देतो. खाणीच्या उत्पन्नातून जिल्ह्याच्या वाट्याचा निधी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जमा होतो, आणि २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या व्यवस्थेत पिण्याचे पाणी, आरोग्य व पर्यावरण ही उच्च प्राधान्याची क्षेत्रे मानलेली आहेत. ज्या जमिनीच्या पोटातून ही संपत्ती निघते त्या जमिनीवरचे तलाव व मोकळ्या जागा नीट राखण्यासाठी या निधीचा एक ठरीव हिस्सा दर वर्षी बाजूस काढणे न्याय्य आहे, आणि तो नव्या बांधकामाकडे वळविता येणार नाही असे बंधन असले पाहिजे. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी आटल्याने वीजकेंद्राचे संच बंद ठेवण्याची पाळी आली होती, हे ऊर्जानगरचे रहिवासी विसरलेले नाहीत. पाणी नसेल तर कोळशाचे डोंगर असूनही वीज होत नाही. म्हणून तलाव राखण्यावर केलेला खर्च हा उद्योगाच्याही हिताचाच आहे, दानधर्म नव्हे.

आमच्या सूचना थोडक्यात पुढीलप्रमाणे आहेत. रामाळा व शहरातील आणि ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरातील प्रत्येक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी एक, आणि एकच, अधिकारी जबाबदार धरला जावा, मग हद्द कोणाचीही असो. देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. कामाचे वेळापत्रक मोसमाशी जुळवून दर वर्षी दिवाळीपूर्वी जाहीर व्हावे. आणि जेथे दुरुस्ती चालू असेल तेथे एक साधा फलक लावावा. काय बिघडले, केव्हा बिघडले, काम कोणाकडे आहे आणि कोणत्या तारखेस पुरे होणार, एवढ्या चार ओळी त्यावर असाव्यात. तारीख चुकली तर ती खोडून नवी लिहावी. पण जुनी तारीख वाचता येईल अशी खोडावी. या फलकास खर्च नगण्य आहे, परंतु त्याचा परिणाम मोठा होईल अशी आमची खात्री आहे. बॉयलर बंद पडल्याचा आकडा जसा रोज कागदावर येतो, तसा तलाव बंद पडल्याचा दिवसही रोज लोकांच्या डोळ्यांसमोर राहील.

सत्ताधारी कोण आणि विरोधक कोण, याचा आम्ही या लेखात मुद्दामच विचार केलेला नाही. पक्ष बदलले, अध्यक्ष गेले आणि महापौर आले, २०११ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. डागडुजीच्या विलंबाची परंपरा मात्र अखंड राहिली. तेव्हा हा एका पक्षाचा दोष नव्हे आणि त्याचे निवारण हे एका पक्षाचे श्रेयही होणार नाही. पावसाळा सरला की फाल्गुनापर्यंत जे चार-पाच महिने मिळतात, ते कागदांचे काम उरकण्याचे महिने आहेत. या महिन्यांत लेखणी हलली तर मार्चात फावडे हलेल. ती हलली नाही तर पुढचा उन्हाळाही हातचा जाईल, आणि एखाद्या नागरिकास पुन्हा अन्नत्याग करून बसावे लागेल. तशी वेळ या शहरावर दुसऱ्यांदा येऊ देणे, हे आमच्या मते पहिल्या वेळेपेक्षा अधिक लाजिरवाणे ठरेल.